कर्नाटकाचे लोकायुक्त

गेल्या महिन्याच्या टपालांत एका वाचक भगिनींचें पत्र आलें. त्या लिहितात, "रात्रीं पानें उचलल्यावर मामंजी वर्तमानपत्र मोठ्यानें वाचतात. परवां त्यांत 'लोकायुक्त' हा शब्द आला, तेव्हां आमच्या धाकट्यानें विचारलें, हा कोण असतो? मामंजी म्हणाले, 'न्यायाधीश.' भाऊजी म्हणाले, 'पोलीस.' आणि इकडून उत्तर आलें, 'कांहींच नव्हे.' तिघांपैकीं खरें कोणाचें?"

पत्र वाचून हंसूं आलें, आणि मागाहून विचारांत पडलों. तिघांचेंहि म्हणणें आपापल्या परी खरें आहे. आणि हीं तीनहि रूपें ज्या एका संस्थेच्या चरित्रांत पाहावयास मिळतात, ती आपल्या शेजारच्या कर्नाटक राज्यांतली. माझी धाकटी बहीण धारवाडास दिलेली असल्यामुळें त्या संस्थेशीं आमच्या घराचा थोडा संबंधहि आला. म्हणून या महिन्यांत तीच हकीकत सांगतों.

शब्दापासून आरंभ करण्याची माझी जुनी खोड वाचकांच्या परिचयाची आहे. ती या वयांत सुटणें नाहीं. 'युक्त' हा कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत येणारा शब्द. राजानें कामावर योजलेला सेवक, असा त्याचा अर्थ. त्याच ग्रंथांत सरकारी द्रव्य गिळंकृत करण्याच्या चाळीस रीति मोजून दिल्या आहेत, आणि या युक्तांच्या खाण्याला माशाच्या पाणी पिण्याची उपमा दिली आहे. 'आयुक्त' हा त्याच धातूपासून झालेला. म्हणजे पूर्वीं ज्या कुळांतला शब्द खाणाऱ्यास लावीत, त्याच कुळांतला आज खाणाऱ्यावर नजर ठेवणाऱ्यास लावतात. आपल्या 'लांचे'ला कानडींत 'लंच' म्हणतात, आणि संस्कृत कोशांतहि 'लञ्चा' सांपडते. भाषा बदलतात, पण या एका शब्दास सोयरीक कोठेंहि मिळते!

शब्द आपला असला तरी कल्पना मात्र दूरच्या स्वीडन देशांतली आहे. तेथील बारावा चार्ल्स राजा १७०९ सालीं पोल्टावाच्या लढाईंत रशियाकडून पराभूत होऊन तुर्कांच्या मुलुखांत आश्रयास राहिला. राजा परदेशीं, मागें अंमलदार मोकळे. तेव्हां १७१३ सालीं त्यानें तेथूनच त्यांच्यावर देखरेख करणारा एक अधिकारी नेमला. पुढें १८०९ च्या राज्यघटनेनें तें काम राजाच्या हातून काढून लोकप्रतिनिधींच्या सभेनें निवडलेल्या स्वतंत्र अधिकाऱ्याकडे दिलें. त्याचें नांव ओम्बुड्समन. एकोणिसावें शतक सरून गेलें तरी इतर देशांनीं तिकडे फारसें पाहिलें नाहीं. १९६२ सालीं न्यूझीलंडनें असा अधिकारी नेमला, तेव्हांपासून इंग्रजी बोलणाऱ्या देशांतहि त्याची चर्चा वाढली.

आपल्याकडे १९६३ सालीं संसदेंतील चर्चेंत लक्ष्मीमल्ल सिंघवी यांनीं यासाठीं 'लोकपाल' हा शब्द सुचविला. १९६६ सालीं मोरारजी देसाई यांच्या अध्यक्षतेखालील प्रशासकीय सुधारणा आयोगानें केंद्रांत लोकपाल आणि राज्यांत लोकायुक्त असावेत अशी शिफारस केली. केंद्राचें पहिलें विधेयक १९६८ सालचें. तें लोकसभेबरोबर बुडालें, पुन्हां आलें, पुन्हां बुडालें. अखेर अण्णा हजारे यांच्या २०११ च्या उपोषणांनंतर २०१३ सालीं कायदा झाला आणि पहिले लोकपाल २०१९ च्या मार्चमध्यें स्थानापन्न झाले. अर्ध्या शतकाचा हा पाळणा! राज्यांनीं मात्र इतकी वाट पाहिली नाहीं. ओरिसानें कायदा आधीं केला, तरी प्रत्यक्ष लोकायुक्त प्रथम बसला तो आपल्या महाराष्ट्रांत, १९७२ सालीं. याचा अभिमान अवश्य बाळगावा. परंतु १९७१ च्या त्या कायद्यांत मुख्यमंत्र्यांना वगळलें होतें हेंहि विसरूं नये. त्यांचा समावेश करणारें नवें विधेयक आपल्या विधानसभेनें २०२२ च्या डिसेंबरांत व विधानपरिषदेनें २०२३ च्या डिसेंबरांत संमत केलें.

कर्नाटकांत लोकायुक्तांपूर्वीं दक्षता आयोग होता. त्याच्या जागीं लोकायुक्त आणणारा कायदा रामकृष्ण हेगडे मुख्यमंत्री असतां १९८४ सालचा म्हणून झाला, आणि १५ जानेवारी १९८६ पासून संस्थेचें काम सुरू झालें. सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ति ए. डी. कोशल हे पहिले लोकायुक्त. या संस्थेची थोरवी दोन गोष्टींत होती. एक, खुद्द मुख्यमंत्रीहि तिच्या कक्षेंत घेतलेले होते. दुसरी, तिच्या हाताशीं स्वतःचें पोलीस खातें दिलेलें होतें. लांच घेतांना सापळा लावून पकडावें, अधिकाऱ्याच्या घरावर छापा घालून मिळकतीशीं न जुळणारी संपत्ति मोजावी, न्यायालयांत आरोपपत्र दाखल करावें, हें सर्व या खात्याकडे. बहुतेक राज्यांत लोकायुक्ताच्या हातीं नुसता कंदील आहे. कर्नाटकांत त्याच्या दुसऱ्या हातीं काठीहि होती. तेव्हां पत्रांतले मामंजी आणि भाऊजी दोघेहि बरोबर ठरतात.

तिसऱ्या उत्तराचें मूळहि कायद्यांतच आहे. लोकायुक्त स्वतः कोणास शिक्षा देत नाहीं. तो चौकशी करतो, अहवाल लिहितो आणि शिफारशीसह सरकारकडे पाठवितो. सरकारनें तीन महिन्यांत त्यावर काय केलें तें कळवावयाचें. कारकुनाविरुद्ध अहवाल असेल तर तो त्याच्या वरिष्ठांच्या टेबलावर जातो, मंत्र्याविरुद्ध असेल तर मुख्यमंत्र्यांच्या. मान्य करणें न करणें त्यांच्याकडे. आपल्या गोव्याचे लोकायुक्त न्यायमूर्ति प्रफुल्लकुमार मिश्र २०२० सालीं निवृत्त होतांना बोलून गेले कीं, आपल्या अहवालांपैकीं एकाचीहि सरकारनें अंमलबजावणी केली नाहीं, त्यापेक्षां ही संस्था बंद करावी हें बरें. चौकशी करणारा न्यायमूर्ति असे म्हणतो, तेव्हां 'कांहींच नव्हे' म्हणणाऱ्या गृहस्थाला आपण नास्तिक कसें म्हणावें?

आतां आमच्या घरची गोष्ट. माझे मेहुणे तिकडे सरकारी शाळेंत शिक्षक होते. २००३ सालीं ते अकस्मात् गेले. पदरीं दोन मुलें, आणि बहिणीचें कुटुंब-निवृत्तिवेतन एका कचेरींत अडकलेलें. कधीं सेवापुस्तकांत सही नाहीं, कधीं जन्मतारखेचा दाखला नाहीं, कधीं साहेब दौऱ्यावर. चार-पांच महिने हेलपाटे घातल्यावर एका शिपायानेंच तिला हळूच सांगितलें कीं, बाई, येथें मामूल दिल्यावांचून कागद उठत नाहीं. मामूल म्हणजे नेहमींचें, ठरलेलें. किती सौम्य शब्द आहे पाहा! मी मिरजेहून गाडीनें गेलों तेव्हां ती म्हणाली, "दादा, पैसे देऊन टाकूं कां? तुम्ही म्हणाल तसें करतें." खरें सांगतों, त्या क्षणीं मी 'देऊन टाक' म्हणणार होतों. आयुष्यभर मुलांना सुभाषितें शिकविलेला मास्तर मी. पण पोरांची फी भरावयाची होती, आणि मागितलेली रक्कम माझ्या एका महिन्याच्या पगारापेक्षां कमी होती. मला अडविलें तें माझ्या भाच्यानें. तो तेव्हां नववींत होता. तो म्हणाला, "मामा, टी. व्ही. वर ते म्हातारे न्यायाधीश येतात ना, त्यांना लिहूं."

ते म्हातारे न्यायाधीश म्हणजे न्यायमूर्ति एन. वेंकटाचल. सर्वोच्च न्यायालयांतून निवृत्त झालेले हे गृहस्थ २००१ ते २००६ पर्यंत लोकायुक्त होते. तत्पूर्वीं पंधरा वर्षें ही संस्था होती, पण खेड्यांतल्या माणसाला तिचें नांव ठाऊक नव्हतें. यांनीं खुर्ची सोडली आणि रस्ता धरला. सरकारी इस्पितळांत, कचेऱ्यांत न सांगतां जाऊन उभे राहावें, रोग्यांना विचारावें, आणि कॅमेऱ्यासमोर अधिकाऱ्यास खडसावावें. पुष्कळ विचारी माणसांना हें आवडत नसे. न्यायासनावर बसलेल्यानें भर गर्दींत आवाज चढवावा काय, चौकशीपूर्वींच माणसाची अब्रू घ्यावी काय, हे आक्षेप मलाहि पटत. आजहि अंशतः पटतात. पण त्या गर्जनेचा एक उपयोग झाला, तो असा कीं धारवाडच्या नववींतल्या मुलाला अर्ज कोठें करावा हें कळलें.

ठराविक नमुन्यांत तक्रार, तिच्यासोबत प्रतिज्ञापत्र. भाच्यानें कानडींत मजकूर लिहिला, बहिणीनें सही केली, नोटरीचा शिक्का घेतला, आणि पाकीट बेंगळुरास गेलें. महिना-दीड महिन्यानें त्या कचेरीस विचारणेचें पत्र गेल्याचें कळलें. आणि त्यानंतर जे कागद सांपडत नव्हते ते सर्व एका दुपारीं सांपडले. मागील थकबाकीसह वेतन सुरू झालें. मागणाऱ्या कारकुनाचें पुढें काय झालें तें आम्हांस कळलें नाहीं, आणि बहिणीनेंहि विचारलें नाहीं. तिला कोणाचें वाईट व्हावयास नको होतें, तिचा महिना चालावयास हवा होता. कायद्यांत 'आरोप' आणि 'गाऱ्हाणें' असे दोन वेगळे प्रकार मानले आहेत. मोठमोठ्या आरोपांच्या बातम्या छापून येतात. गाऱ्हाण्यांच्या येत नाहींत.

वेंकटाचलांच्या मागून २००६ सालीं न्यायमूर्ति संतोष हेगडे आले. यांच्या घराण्याची एक गोष्ट जुन्या वाचकांना आठवत असेल. यांचे वडील के. एस. हेगडे हे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश होते. १९७३ सालीं ज्येष्ठता डावलून सरन्यायाधीश नेमला गेला, तेव्हां ज्या तिघां न्यायाधीशांनीं राजीनामे दिले त्यांपैकीं ते एक. पुढें ते लोकसभेचे सभापति झाले. अशा घरांतला मुलगा लोकायुक्त झाला, आणि त्याच्यापुढें प्रकरण आलें तें बळ्ळारीच्या लोखंडाचें.

बळ्ळारी जिल्ह्यांत संडूर म्हणून गांव आहे. तें घोरपड्यांचें मराठी संस्थान होतें. भोंवतालच्या डोंगरांत उत्तम प्रतीचें लोहखनिज. २००८ च्या ऑलिंपिकच्या तयारीसाठीं चीनमध्यें पोलादाची मागणी वाढली, खनिजाचे भाव भडकले, आणि त्या डोंगरांवर रात्रंदिवस यंत्रें चालूं लागलीं. परवान्याची हद्द ओलांडून खोदावें, वनखात्याच्या जमिनींत शिरावें, परवान्यांत लिहिल्यापेक्षां अधिक वजन मालमोटारींत भरावें, आणि बंदरांतून तें परदेशीं धाडावें. मार्च २००७ मध्यें राज्य सरकारनेंच ही चौकशी लोकायुक्तांकडे सोंपविली. सोंपवितांना ती किती खोल जाईल याची कल्पना बहुधा कोणास नसावी. यू. व्ही. सिंग नांवाच्या वनाधिकाऱ्याच्या पथकानें हद्दीचे दगड शोधले, वजनकाट्यांच्या नोंदी, परवाने आणि बँकेचीं खातीं जुळविलीं. पहिला अहवाल २००८ च्या डिसेंबरांत आला.

मध्यंतरीं बेलेकेरीचें प्रकरण झालें. कारवारजवळच्या या लहानशा बंदरांत वनखात्यानें २०१० सालीं बेकायदा खनिजाचा लाखों टनांचा सांठा जप्त करून ठेविला होता. तो जप्त सांठा जहाजांत भरून निघून गेला! डोंगराएवढी जिन्नस, आणि राखणदारांस दिसली नाहीं. ज्या वनाधिकाऱ्यानें जप्ती केली होती त्याच्याच निलंबनाची आज्ञा निघाली. तेव्हां २०१० च्या जूनमध्यें हेगडे यांनीं राजीनामा दिला. पुढें लालकृष्ण अडवाणी यांच्या आग्रहावरून त्यांनीं तो परत घेतला, यावरून त्यांना पुष्कळांनीं नांवें ठेविलीं. मला तें नांव ठेवणें रुचलें नाहीं. रामशास्त्री प्रभुण्यांची गोष्ट आपण मुलांना सांगतों ती ते पुणें सोडून गेले येथवर सांगतों. मागाहून बारभाईंच्या कारभारांत ते परत येऊन त्याच न्यायासनावर बसले आणि मरेपर्यंत काम करीत राहिले, हें सांगावयाचें राहून जातें. निघून जाण्याला तेज असतें खरें, पण अर्ज घेऊन दाराशीं उभ्या असलेल्या माणसाला आंत कोणीतरी बसलेलें हवें असतें.

हेगडे परत बसले म्हणूनच दुसरा अहवाल झाला. मुदत संपण्यास आठवडाहि उरला नव्हता तेव्हां, २७ जुलै २०११ रोजीं, त्यांनीं तो सरकारला सादर केला. जोडपत्रांसह २५,००० हून अधिक पानें. २००६ ते २०१० या काळांतील सरकारच्या नुकसानीचा अंदाज १६,०८५ कोटि रुपये. आणि दोषी म्हणून दर्शविलेल्यांत खुद्द मुख्यमंत्री बी. एस. येडियुरप्पा. दोनच दिवसांनीं सर्वोच्च न्यायालयानें बळ्ळारी जिल्ह्यांतील खाणकाम थांबविलें, आणि ३१ जुलैस मुख्यमंत्र्यांनीं राजीनामा दिला. कंदिलाचा उजेड इतका दूर पडलेला या देशांतल्या कोणत्याहि लोकायुक्ताच्या चरित्रांत क्वचितच सांपडेल. परंतु न्यायाच्या दृष्टीनें पुढची हकीकतहि सांगणें प्राप्त आहे. २०१२ च्या मार्चमध्यें उच्च न्यायालयानें येडियुरप्पांविरुद्धचा त्या अहवालावरून नोंदलेला गुन्हा रद्द केला, आणि २०१६ च्या ऑक्टोबरांत खाणींच्या देणगीसंबंधींच्या खटल्यांत सी. बी. आय. च्या विशेष न्यायालयानें त्यांना निर्दोष सोडलें. बेलेकेरीच्या खटल्यांत २०२४ च्या ऑक्टोबरांत कारवारच्या तेव्हांच्या आमदारांसह कांहीं जणांस शिक्षा झाली; पुढच्याच महिन्यांत उच्च न्यायालयानें त्यांच्या शिक्षेस स्थगिति दिली. चौकशीचा अहवाल वेगळा आणि न्यायालयाचा निर्णय वेगळा, हें घरांत वर्तमानपत्र वाचणाऱ्यानें मुलांना जरूर समजावून द्यावें.

यानंतरचें लिहितांना हात जड होतो. हेगडे यांच्या जागीं आलेले लोकायुक्त स्वतःच्या भूखंडाविषयीं प्रश्न निघतांच दीड महिन्यांत पायउतार झाले. मग सव्वा वर्षाहून अधिक काळ ती खुर्ची रिकामी. २०१३ सालीं नवे लोकायुक्त आले, आणि २०१५ सालीं असें बाहेर आलें कीं 'तुमच्यावर छापा घालूं' अशी भीति दाखवून अधिकाऱ्यांकडून पैसे उकळण्याचा धंदा खुद्द लोकायुक्तांच्या कचेरींतूनच चालला आहे. या आरोपांखालीं लोकायुक्तांच्या चिरंजीवांस अटक झाली. वकिलांनीं, नागरिकांनीं निदर्शनें केलीं. तरी पद सोडण्यास लोकायुक्तांना डिसेंबर उजाडला. ज्या काठीचें मी वर कौतुक केलें तीच काठी. त्या दिवसांत बहिणीचा फोन आला, "दादा, आपण पाकीट पाठविलें तें याच कचेरींत ना?" मला उत्तर सुचलें नाहीं.

राज्यकर्त्यांना मात्र सुचलें. २०१६ च्या मार्चमध्यें सिद्धरामय्या यांच्या सरकारनें लांचलुचपत प्रतिबंधाचें एक वेगळें पथक उभें केलें, तें सरकारच्याच हाताखालीं ठेविलें, आणि लोकायुक्तांच्या पोलिसांचे सापळ्याचे व छाप्याचे अधिकार काढून त्यास दिले. घरांत उंदीर झाला म्हणून मांजराची दुरुस्ती करावयाची ती नाहीं. मांजराचे दांत काढून ते उंदराच्याच स्वाधीन केले, असें कोणी म्हटलें तर त्यास मी दोष देणार नाहीं. विरोधी बाकांवर असतां ज्यांनीं या पथकावर टीका केली, त्यांनींहि सत्तेवर आल्यावर तें तसेंच चालूं दिलें. या एका बाबतींत पक्षापक्षांत मतभेद नव्हता.

याच पडत्या काळांत, ७ मार्च २०१८ रोजीं, लोकायुक्त न्यायमूर्ति विश्वनाथ शेट्टी आपल्या बेंगळुराच्या कचेरींत बसले असतां एका तक्रारदारानें आंत शिरून त्यांच्यावर चाकूनें वार केले. आपल्या तक्रारींचें कांहींच झालें नाहीं, ही त्याची चीड. शेट्टी वांचले, बरे होऊन पुन्हां कामावर आले आणि मुदत पुरी करून २०२२ च्या जानेवारींत निवृत्त झाले. त्या मनुष्याचें कृत्य निंद्यच. पण बातमी वाचतांना मला राहून राहून वाटे कीं, अधिकार ज्यांनीं काढून घेतले ते दुसऱ्या इमारतींत सुखरूप होते, आणि चाकू लागला तो रिकाम्या हातानें बसलेल्या वृद्धास.

अखेर ११ ऑगस्ट २०२२ रोजीं कर्नाटकाच्या उच्च न्यायालयानें तें वेगळें पथक रद्द ठरविलें आणि अधिकार व प्रकरणें लोकायुक्तांच्या पोलिसांकडे परत दिलीं. तत्पूर्वीं जूनमध्यें न्यायमूर्ति बी. एस. पाटील लोकायुक्त झाले होते. कालचक्राची गंमत पाहा: २०२४ च्या सप्टेंबरांत म्हैसूरच्या भूखंडप्रकरणीं विशेष न्यायालयानें चौकशीची आज्ञा केली ती लोकायुक्तांच्या पोलिसांना, आणि नोव्हेंबरांत त्यांच्यापुढें जबाब देण्यास मुख्यमंत्री म्हणून जावें लागलें तें सिद्धरामय्या यांनाच. २०२५ च्या फेब्रुवारींत त्या पोलिसांनीं त्यांच्याविरुद्ध पुरावा नाहीं असा निष्कर्ष कळविला. कोणी म्हणालें, पाहा, निर्दोष होते. कोणी म्हणालें, पाहा, हाताखालचे पोलीस. मी निर्णय देत नाहीं. मात्र संस्थेवर एकदां डाग पडला म्हणजे तिच्या खऱ्या उत्तरावरहि लोक दोन मतें करतात, एवढें दिसलें.

पत्र लिहिणाऱ्या भगिनींस माझें सांगणें इतकेंच कीं, धाकट्याला तिन्ही उत्तरें सांगा, आणि कोणतें कोणत्या सालीं खरें होतें तेंहि सांगा. मागच्या महिन्यांत मी धारवाडास जाऊन आलों. बहिणीच्या शेजारीं एक विधवा बाई राहतात. त्यांच्या घराचा उतारा एका कचेरींत वर्षभर अडकला आहे, आणि मामूल मागितल्याचें त्या सांगतात. भाचा आतां नोकरीनिमित्त परगांवीं असतो. मराठी शाळेंत शिकलेली माझी बहीण ओटीवर बसून त्या बाईंचा अर्ज स्वतः कानडींत लिहीत होती. अक्षर वळणदार, ऱ्हस्वदीर्घाच्या दोन चुका. त्या मी कानडी येत नसतांहि तिला विचारून विचारून काढल्या. दुसऱ्या दिवशीं नोटरीकडे जाऊन आम्ही पाकीट रजिस्टर टपालानें धाडलें. बहिणीचें कालच पत्र आलें. पोंच अद्याप आलेली नाहीं.